पेटारीचं चाक

कोंडाजीला कुणाचा राग आला की तो सरळ त्याच्या दारात जाऊन भांडायचा. दोन शब्द द्यायचा, दोन घ्यायचा, आणि मग तिथंच बसून त्याचीच तंबाखू मागून खायचा. पण ज्या माणसावर त्याचा सगळ्यात जास्त जळफळाट, तो माणूस मरून गेला होता. मेलेल्याच्या दारात जाऊन भांडायचं कसं हे काही त्याला उमगेना. म्हणून तो झाडाशी भांडला. एक नाही, चांगले तीन पावसाळे भांडला.

झाड तरी कसलं, पेटारी. रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, पडक्या भिंतीशी, जिथं जागा मिळेल तिथं उगवणारं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी माणसाच्या छातीला लागतं. पान पिंपळाच्या वळणाचं, पण हात फिरवला तर वासराच्या कानासारखं मऊ. दिवस कलला की पिवळं फूल उमलतं. फुलामागून बोंड येतं ते थेट गाडीच्या चाकासारखं. मधे तुंबा, भोवती आरे, फक्त वरची लोखंडी धाव तेवढी नाही. चौलच्या पाठीमागं डोंगराच्या पायथ्याशी जी कुणबीवाडी आहे तिथं ह्या पेटारीला शेळीसुद्धा फारशी विचारत नव्हती. कोंडाजीनंही विचारलं नसतं. पण ती त्याच्या परसात आली ती बायजाच्या पाठोपाठ, आणि तिथून सगळं बिनसलं.

बायजा त्याची बायको. पाटाची. तिचा पहिला दादला धर्माजी तापानं गेला, मागं मूलबाळ नाही, दोन वर्षं ती माहेरी खाडीपल्याड भावाकडं होती. कोंडाजीचं लग्नच राहिलेलं. बाप लवकर गेला, बहिणी उजवता उजवता ह्याच्याच कानावरचे केस पिकले. मग जातीतल्या चार माणसांनी मधे पडून दोघांचा पाट लावून दिला. आता बिनलग्नाच्या बाप्यानं विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात, म्हणजे त्याचाही एक संसार होऊन गेला असं धरतात. तसं कोंडाजीचं लावलं. मुंडावळ्या बांधून तो रुईपुढं उभा राहिला तेव्हा शेजारची मनुबाई पदर तोंडाला लावून जी हसायला लागली ती पुढं कितीतरी वर्षं हसतच होती.

पण खरी गंमत वेगळीच होती, ती कोंडाजीनं कुणाला सांगितली नव्हती. हा धर्माजी त्याच्या चांगला ओळखीचा होता. दोघंही खटारेवाले. चौल-नागावच्या बागायती वाड्यांतून नारळ-सुपारी भरायची आणि रेवदंड्याच्या बंदरावर शिडाच्या पडावात चढवायची, हाच दोघांचा धंदा. आणि दरसाल दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलं सजवून खटारे बंदरावर लागले की, कोंडाजीचा जळफळाट सुरू व्हायचा.

आपल्याकडं पाडव्याला बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे उठवतात. कोंडाजीच्या घरात वाटीची कड गेरूत बुडवून लावायची चाल. त्याचा चांद्या पांढराफेक बैल, त्याच्यावर ते गोल गोल ठसे उठले की लांबून गजकर्ण झाल्यासारखं दिसायचं. आणि शेजारी धर्माजीची जोडी. खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत बारीक चाकांच्या ओळी, एका खाली एक, आरे न् आरे मोजून घ्यावा असा. वाडीवाली मोठी माणसं सुपारीची पोती मोजायची सोडून त्या बैलांकडं बघत राहायची. पडावावरचा म्हातारा तांडेल दरवर्षी विचारायचा, काय रे धर्माजी, बैल आणलेस का नवरदेव. धर्माजी नुसता हसायचा. कसले ठसे, कुणी उठवले, काही सांगायचा नाही. कोंडाजी चांद्याच्या तोंडाशी उभा राहून दुसरीकडं बघायचा, आणि घरी येईपर्यंत उगाच बैलांची शेपटं पिरगाळायचा.

त्याच धर्माजीची बायको आपल्या घरात आली तेव्हा कोंडाजीला आतल्या आत गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला. वाटलं, घे बाबा, शेवटी आपण जिंकलो.

आल्या आठवड्यातच, पहिला पाऊस पडून गेल्यावर, तिनं पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं आणि गोठ्याच्या मागं टाकून पायानं माती लोटली. कोंडाजीनं ओटीवरून बघितलं. भाजीबिजी असेल म्हणाला. बाई कामाला चोख होती. परसात भेंडी, पडवळ, काकडी, सगळ्याचे वाफे तिनं धरले. बी राखेत घालून मडक्यात ठेवायची तिची पद्धत होती, आणि तिच्या भेंडीला मनुबाईसुद्धा नावं ठेवू शकली नाही. तर त्या भाजीबरोबर गोठ्यामागं पेटारीही वाढली. वाढली तर वाढली, बैलाला अंग घासायला झालं.

मग पाडवा आला. कोंडाजीनं तळ्यावरून बैलं धुऊन आणली, गोठ्यात बांधली आणि स्वतः आंघोळीला गेला. टॉवेल गुंडाळून बाहेर येतो तर चांद्याची एक अख्खी बाजू ठशांनी भरलेली. खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत चाकं. एका खाली एक. बायजा हातात पेटारीचं हिरवं बोंड धरून, देठाला चिमटीत पकडून, गेरूच्या वाटीत बुडवत होती न् अलगद टेकवत होती. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती.

कोंडाजी ओल्या अंगानं तसाच गोठ्यात शिरला. त्याला वाटलं, मेला तरी धर्माजीनं आपल्या गोठ्यात येऊन आपल्या बैलावर स्वतःची निशाणी मारली. आणि मारायला लावली कुणाला, तर आपल्याच बायकोला.

त्यानं पेंढ्याची मूठ ओली केली आणि सगळी चाकं पुसली. आमच्यात वाटी लावतात, एवढंच म्हणाला. बायजानं हातातलं बोंड गव्हाणीत टाकलं. मग तिनं आतून वाटी आणून दिली आणि चुलीकडं गेली. पण गेरूच तो. पांढऱ्या बैलाच्या अंगावरून सगळा जातोय होय? वाटीच्या ठशांखाली पुसट गुलाबी चाकं दिसत राहिली, पुरा महिना.

आता इथं कुणी म्हणेल, अरे मग तिला विचारायचं होतंस. पण विचारणार कसं? पाटाच्या घरात बायकोच्या पहिल्या दादल्याचं नाव काढत नाहीत. नाव काढलं की तो उंबऱ्याशी येऊन उभा राहतो न् पाणी मागतो, असं जुनी माणसं सांगायची. कोंडाजी तसा भुताखेताला भिणारा नव्हता, पण ह्याला भीत होता. आणि बायजालाही तोच नेम. तिलाही ते नाव न घेता काही सांगायची सोय नव्हती. दोघं एका ताटलीत जेवत, एका बांधावर राबत, आणि मधे ही एक न बोलायची गोष्ट.

संध्याकाळी बायजा तांदूळ निवडायला गोठ्यामागं जाऊन बसायची. तेव्हाच ती फुलं उमलायची. कोंडाजी बंदरावरून येऊन बैलं सोडता सोडता कुडाच्या फटीतून बघायचा. ती मधेच हात थांबवून एखादं पान गालाला लावायची. झालं. पान तिनं गालाला लावलं की कोंडाजीला भाकर गोड लागायची नाही. परसात दुसरा बाप्या असता तर त्याची तंगडी मोडून मोकळा झाला असता. एकदा त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, काय बघत बसतेस तिथं. ती म्हणाली, फूल उमलतंय ते. त्याला ते उत्तर पुरं वाटलं नाही. खटारा अर्ध्या वाटेतून फिरवून तो दोन-तीनदा अवेळी घरी आला, दबकत परसात गेला, आणि पेटारीपुढं उभा राहून तिच्याकडं डोळे वटारून परत गेला. मनुबाईनं ते बघितलं, आणि तिनं बघितलं म्हणजे वाडीनं बघितलं.

माघात पेटारी वाळली, बोंडं काळी पडून खुळखुळायला लागली, तेव्हा कोंडाजीनं कोयता घेतला. बुडातून तोडली. तोडून, शेंडा धरून, परसाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेऊन उकिरड्यावर टाकली. हात झटकले. वाटलं संपलं.

पुढच्या पावसात पेटारी उगवली ती बरोबर त्या ओढीच्या वाटेनं. जिथं जिथं बोंड घासलं होतं तिथं तिथं. भेंडीच्या वाफ्यात, पडवळाच्या आळ्यात, विहिरीच्या काठाला. उकिरड्याचं शेणखत शेताला गेलं, तर बांधावरसुद्धा.

त्या साली त्यानं दुसरा उपाय काढला. पुन्हा वाळेपर्यंत थांबला, पुन्हा तोडली, आणि भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर जो राब भाजायचा त्यात, कवळाच्या म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्यांच्या आणि शेणाच्या थराखाली, पेटारी सगळी घातली. चांगला जाळ झाला. कोंडाजी काठी घेऊन बाजूला उभा राहिला, एखाद्याला सरणावर घालून आल्यासारखा. पण त्या बियाचं कवच भलतंच टणक. वरचं जळलं, खालचं नुसतं भाजून तडकलं, आणि मृगात भाताच्या रोपाबरोबर राबातून पेटारी अशी तरारून वर आली की बायजाला रोप काढताना ती वेगळी करत बसावं लागलं.

मनुबाई कुडावरून वाकून म्हणाली, "कोंडू, तुजी पयली बायको झाड, आनि आता बायजीला सवत आनलीस तीबी झाडच. तुला मानसं आवडत न्हायत का रं?"

कोंडाजीनं तिच्याकडं पाठ फिरवली. त्याला वाटत होतं की ती उलटं बोलतेय. सवत बायजाची नव्हती. जो कोण होता तो ह्याच्या उरावर होता, आणि पावसागणिक वाढत होता.

त्याच तिसऱ्या पावसाळ्यात त्यानं ठरवलं, आता लहानपणीच काढायची. बायजा शेतावर लावणीला गेली होती, त्याच्या बैलाचा खूर दुखावला म्हणून तो घरी होता. परसात उतरला. वाफ्यात बोटभर रोपं आली होती. दोन पानं गोल, वरचं पान नुकतं फुटलेलं. हीच ती, म्हणाला, आणि बसला उपटायला. ओल्या मातीतून सरसर येत होती. एकेक उपटताना तो तोंडानं शिव्या देत होता, आणि इतक्या दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. वाफा साफ केला, आळी साफ केली, सगळा ढीग उंबऱ्याच्या आत आणून रचून ठेवला. बायजा आली की दिसावा म्हणून.

बायजा आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर इरलं. तिनं तो ढीग बघितला. एक रोप उचललं, त्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवला, दुसरं उचललं, त्याच्यावरून फिरवला. मग म्हणाली, "ही भेंडी हाय. सगळी भेंडीच हाय. पेटारी ह्यात चार न्हायत."

आता दिसायला बाळपणी दोघी बहिणी-बहिणीच. चूक कुणाचीही झाली असती. कोंडाजीनं तेवढंच म्हणायचं होतं, चुकलं म्हणून. भेंडीचं बी राखेत ठेवलेलं अजून मूठभर तरी होतंच, पुन्हा टोकलं असतं. पण तिनं ज्या मायेनं ते रोप हातात धरलं होतं ते बघून त्याचं डोकं फिरलं, आणि जे तीन वर्षं गिळलं होतं ते तोंडातून बाहेर पडलं.

"का? धर्माजीच्या परसात लई भेंडी व्हती का?"

नाव घराच्या आत घेतलं गेलं. दोघांनीही उंबऱ्याकडं बघितलं. बाहेर नुसता पाऊस पडत होता.

बायजानं हातातलं रोप खाली ठेवलं. ती आत गेली, तांब्याभर पाणी भरून आणलं आणि उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं. तो आला असेल तर प्यायला. मग चुलीपुढं बसली.

त्या तांब्यानं कोंडाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर वाकून त्याची कंबर मोडली होती, आणि घरात शिरल्यापासून बायकोनं त्याला पाणी विचारलं नव्हतं.

तिनं त्याच्याशी अबोला धरला, पण लावणी टाकून गेली नाही. शेवटच्या वाफ्यात शेवटची मूठ लावून झाली, हातपाय धुतले, इरलं खुंटीला टांगलं, आणि आपलं गाठोडं घेऊन तराच्या होडीकडं निघाली. खाडी उतरून माहेरी. जाताना मनुबाईला सांगून गेली की मांजराला दूध घालत जा. कोंडाजीला घालायचं काही सांगितलं नाही.

श्रावण गेला, गणपती गेले. येईल म्हणून तो थांबला, आणि थांबता थांबता परसात पेटारी दिसेल ती उपटत राहिला. गौरीला आली नाही तेव्हा वाडीनं बोलायला सुरुवात केली. दसऱ्याच्या बाजारात मनुबाई पक्की बातमी घेऊन आली की बायजाचा भाऊ जातीतल्या माणसांना भेटलाय, दिवाळी झाली की काडीमोड करायला येणार. हे सांगताना ती हसली नाही. पदराशी खेळत बसली, मग म्हणाली की चांगली बाई होती रे, कोंडू. होती म्हणाली. ते ‘होती’ त्याच्या काळजात जाऊन बसलं.

त्या दिवशी तो गोठ्यात बैलांना पेंढा टाकायला गेला तर मागच्या भिंतीशी, शेणाच्या पाटीआड, एक पेटारी राहिली होती. चांगली कमरेइतकी. कोयता आढ्यालाच होता, हात वर गेला, कोयता काढलाही. पण उन्हं कलायला आली होती, आणि फूल नुकतं सुटत होतं. एक पाकळी, मग बाकीच्या, कुणी हळूच मूठ उघडावी तसं. कोंडाजी कोयता मांडीवर घेऊन तिथंच टेकला. ह्यात धर्माजी कुठं दिसतोय का ते त्यानं नीट बघितलं. नव्हता. नुसतं फूलच होतं. तिनं सांगितलं होतं तेच. त्यानं हळूच एक पान ओढून गालाला लावून बघितलं, आणि कुणी बघितलं का म्हणून मनुबाईच्या कुडाकडं मान वळवली.

दुसऱ्या दिवशी बैलं मनुबाईकडं सोपवून तो निघाला. रेवदंड्याला तरात बसला, पलीकडं साळावला उतरला, कोर्लईच्या गडाखालून चालत बोर्लीच्या वरच्या अंगाला गेला. तिकडं तेव्हा नवाबाचं राज्य जाऊन फार काळ झाला नव्हता. वाटेनं येताना त्यानं काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. मी नवरा आहे, मी घेऊन जाणार, असलं काहीतरी. वाडी दिसायला लागली तसं त्यातलं निम्मं गळून पडलं.

ओटीवर सासू, कृष्णाबाई, एकटीच कुळीथ पाखडत होती. भाऊ शेतावर, बायजा गवत कापायला. सासूनं सुपातली नजर वर केली नाही. बसा म्हणाली. पाणी स्वतः उठून दिलं. ते तो घटाघटा प्याला, आणि मग बघण्यासारखं काही नाही म्हणून त्यानं समोरच्या गोठ्याकडं बघितलं.

गोठ्याची भिंत कारवीची, वरून माती लिंपलेली. आणि त्या भिंतीवर चाकं. गेरूची, चुन्याची, काही हळदीची. ओळीच्या ओळी. खाली, माणसाच्या गुडघ्याच्या खाली, वेडीवाकडी, एकमेकांवर पडलेली, फरपटलेली. त्यावर जरा सरळ. त्यावर आणखी सरळ. छातीच्या उंचीला आली ती तशी, एका खाली एक, आरे न् आरे मोजून घ्यावा अशी. जुनी पुसट झालेली, त्यांच्यावर नवी.

कोंडाजी उठून जवळ गेला. त्यानं अगदी खालच्या ठशाशी वाकून बोट लावलं.

"उभं ऱ्हायला लागली तवापास्नं करतीया," सासू मागून म्हणाली. "पाडवा आला की बैलं रंगवायची, आनि उरलेला गेरू भिताडाला. माज्या आयेनं मला शिकिवलं, म्या तिला. दोनी येळंला बोंडं म्याच बांदून दिली तिच्या पदरात, जावाय. घर बदललं तिचं. हात त्योच ना?"

कोंडाजी तसाच उकिडवा बसून राहिला. बंदरावरचे ते बैल, ती वाडीवाली माणसं, तांडेल, धर्माजीचं ते नुसतं हसणं. म्हणजे ज्या ठशांवर तो इतकी वर्षं जळत होता ते धर्माजीचे कधी नव्हतेच. हिचे होते. आणि ही जेव्हा त्याच्या दारात आली, आणि तेच त्याच्या चांद्यावर उठवायला लागली, तेव्हा त्यानं पेंढ्यानं पुसले. असला हिशेब कळला की माणसाला रडू यावं. कोंडाजीला आधी धर्माजीचा आणखी एकदा राग आला, की लेका, बंदरावर एकदा तरी सांगायचं होतंस, बायकोनं केलंय म्हणून. मग डोळे भरून आले ते त्यानं गोठ्याच्या धुळीवर ढकललं.

बायजा डोक्यावर भारा घेऊन आली. त्याला बघितलं, भारा टाकला, पदरानं मानेचा घाम पुसला आणि उभी राहिली. जुळवून आणलेल्यातलं कोंडाजीला काही आठवेना.

"पाडवा आला," तो म्हणाला. "परसातली पेटारी तर म्या उपटली. आता बोंडं कुटनं आनायची?"

"सगळी उपटली?"

"गोठ्यामागं एक ऱ्हायलीया."

"मंग सगळी न्हाय उपटली," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "उपटली असती तरी काय झालं असतं? बी मातीत हाय. तुमीच तर पेरलंय समद्या रानात."

सासू सुपाआड हसली. कोंडाजी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. तेव्हा बायजा त्याच्याजवळ आली, आणि त्याच्या त्या पावसातल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तीन-चार महिन्यांनी दिलं, पण दिलं. नाव घेऊन दिलं, कुठल्या उंबऱ्याला न भिता.

"धर्माजीच्या परसात भेंडी कवाच आली न्हाय. खारट जमीन व्हती. पडवळबी न्हाय. काय म्हंजी काय येत नव्हतं."

आणि काय सांगायचं त्या माणसाचं. एवढं सगळं होऊनसुद्धा कोंडाजीला ते ऐकून असा आनंद झाला की तो परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाला, पडवळसुद्धा नाही? तिनं दोनदा सांगितलं, नाही.

पुढच्या पावसात रोपं वर आली तेव्हा बायजानं त्याला वाफ्यात बसवलं आणि त्याचा अंगठा धरून दांड्यावरून फिरवला. भेंडीची लव टोचते, पेटारीची टोचत नाही. डोळ्यानं बघू नका, म्हणाली, हातानं बघा. तीन वर्षं कोयत्यानं जे जमलं नव्हतं ते तो बसल्या बसल्या शिकला. जमीन ओली आहे तोवर, फुलावर यायच्या आधी, मुळासकट काढायची, आणि काढलेली उकिरड्याला नाही, सरळ बैलांच्या पायाखाली. एक झाड गोठ्यामागं ठेवायचं. त्याची बोंडं पाडव्याला हिरवीच तोडायची, आणि उरलेलं एकूण एक चुलीत, काळं पडायच्या आत. दरसाल थोडी थोडी कमी होत गेली. संपली मात्र नाही. चार-दोन रोपं कुठून तरी निघायचीच, आणि ती उपटताना कोंडाजी शिव्या द्यायचा, पण नुसत्या सवयीनं.

आणि तो पाडवा, ती परत आल्यावरचा पहिला. त्यानं बैल धुऊन आणले आणि चांद्याची शिंगं धरून उभा राहिला. बायजानं दोन्ही बाजू भरल्या, मग जोडीच्या मोऱ्याच्या भरल्या, उरलेला गेरू गोठ्याच्या भिंतीला लावला. मनुबाई कुडावरून शेवटचा ठसा उठेपर्यंत बघत होती.

दुसऱ्या दिवशी खटारा रेवदंड्याच्या बंदरावर लागला. माणसं वळून बघायला लागली. नारळ चढवायचे सोडून दोघं-तिघं जवळ आले. पडावावरून तो म्हातारा तांडेल उतरला, आता त्याला कमी दिसायचं, पार बैलाच्या अंगाला नाक लागेल इतका वाकला.

"अरे," तो म्हणाला, "हे तर आपल्या धर्माजीचे ठसे."

बंदरावरच्या सगळ्यांना पाटाची गोष्ट ठाऊक होती. जो तो पुन्हा नारळांकडं वळला. नागावचा एक तरणा खटारेवाला, त्याच्या बैलांवर वाटीचे ठसे होते, तो तर तोंड फिरवून समुद्राकडं बघायला लागला. कोंडाजीनं त्याच्याकडं बघितलं. ती मान फिरवायची तऱ्हा त्याच्या फार ओळखीची होती.

"धर्माजीचे न्हवंत," कोंडाजी म्हणाला. आणि चारचौघांत जे कुणी बाप्या करत नाही ते त्यानं केलं, बायकोचं नाव घेतलं. "बायजाचे. तवाबी तिचेच व्हते."

मग त्यानं कासरा ओढला आणि खटारा हळूच तिरका केला, त्या नागावच्या पोराला दुसरी बाजूही नीट दिसावी म्हणून.